जुलैतून ऑगस्टअखेरीस: यलोस्टोनच्या एका आरव्ही सहलीची आखणी

जानेवारी २०२४ मध्ये न्यू जर्सीला माझ्या बहिणीच्या घरी ठरलेला बेत असा होता. जुलैच्या पहिल्या आठवड्यात एडिसनजवळून आरव्ही, म्हणजे झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली मोठी गाडी, भाड्याने घ्यायची, नायगारा आणि शिकागो करत पश्चिमेला जायचं, यलोस्टोनचं राष्ट्रीय उद्यान बघायचं आणि तीन आठवड्यांत घरी परतायचं. माणसं सहा: बहीण, मेहुणे, तेरा वर्षांचा भाचा, नऊ वर्षांची भाची आणि मे महिन्यात कराडहून येणारे बहिणीचे सासू-सासरे. सासरे बहात्तर वर्षांचे, सासूबाई अडुसष्ट. सासूबाईंचे गुडघे दुखरे, चढ-उतार नकोसा. आरव्ही आधी कोणीच चालवलेली नव्हती.

मी डेन्व्हरला राहतो. यलोस्टोनच्या बाजूला माझं जाणं-येणं असतं, म्हणून बेताचा कागद माझ्याकडे आला. तो जवळजवळ सगळा बदलला. काय बदललं, का बदललं आणि प्रत्यक्षात त्यातलं काय टिकलं, ते इथे सविस्तर लिहितो आहे, कारण अमेरिकेतल्या अनेक मराठी घरांत दर उन्हाळ्यात हाच बेत शिजतो. आई-बाबा मे-जूनमध्ये येतात, मुलांच्या शाळा सुटतात, सगळ्यांना एकत्र फिरायचं असतं, आणि हॉटेलात रोज बाहेरचं खाणं म्हाताऱ्यांना सोसत नाही. त्यामुळे स्वयंपाकघर आणि संडास सोबत घेऊन फिरणारी गाडी सगळ्यांनाच पटते. मात्र तारीख बहुतेक वेळा जुलैच धरली जाते.

जुलैच का नको

यलोस्टोनचा सगळ्यात गजबजलेला महिना जुलै. २०२१ च्या जुलैत त्या एका महिन्यात दहा लाखांहून जास्त भेटींची नोंद झाली, आणि त्या वर्षाचा एकूण आकडा ४८ लाखांच्या पुढे गेला. पार्क आहे प्रचंड, जवळपास नऊ हजार चौरस किलोमीटरचा. पण गाड्यांसाठी मुख्य रस्ता एकच, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा १४२ मैलांचा ग्रँड लूप. लोक ज्यासाठी येतात ती बहुतेक ठिकाणं या रस्त्यालगत आहेत, आणि प्रत्येक ठिकाणचा वाहनतळ ठरावीक गाड्यांपुरता. म्हणजे मैलोन्‌मैल जंगल रिकामं आणि वाहनतळाच्या तोंडाशी गाड्यांची रांग, असं तिथलं चित्र असतं. लहान गाडी कुठेतरी शिरते. पंचवीस फुटी आरव्हीला मात्र तिच्यासाठी आखलेली लांब जागाच लागते, आणि अशा जागा मोजक्याच असतात.

त्यात ४ जुलैच्या स्वातंत्र्यदिनाचा आठवडा. देशभर सुट्टी, आरव्हीचं भाडं चढलेलं, मुक्कामाच्या जागा कधीच्या गेलेल्या. यलोस्टोनमध्ये पाणी, वीज आणि सांडपाणी अशा तिन्ही जोडण्या देणारा आरव्ही तळ एकच आहे, फिशिंग ब्रिज. त्याची नोंदणी साधारण वर्षभर आधी उघडते. जानेवारीत पाहिलं तेव्हा जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात तिथे सलग दोन रात्रीही मिळत नव्हत्या. मेहुण्यांचं म्हणणं होतं, पार्कच्या बाहेर राहू आणि रोज आत जाऊ. बाहेर राहायचं म्हणजे वेस्ट यलोस्टोन, गार्डिनर किंवा कोडी. जुलैत सकाळी नऊ-साडेनऊला वेस्ट यलोस्टोनच्या फाटकावर गाड्यांची जी रांग लागते तिच्यात म्हाताऱ्या माणसांना घेऊन रोज उभं राहायचं, हे मला पटेना.

तारीख कशी ठरली

खरी मोकळीक शाळांच्या वेळापत्रकातून मिळाली. न्यू जर्सीच्या बहुतेक शाळा जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत चालतात आणि लेबर डेनंतर, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारनंतर उघडतात. बाकीच्या देशात असं नाही. जॉर्जिया, ॲरिझोना आणि टेक्सासमधली मुलं ऑगस्टच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात वर्गात बसलेली असतात, आणि यलोस्टोनला जवळच्या युटा-कोलोरॅडोतल्या शाळाही ऑगस्टच्या मध्यापर्यंत सुरू झालेल्या असतात. ऑगस्टचे शेवटचे दोन आठवडे न्यू जर्सी-न्यूयॉर्ककडच्या कुटुंबांना सुट्टी आणि डोंगराकडच्या कुटुंबांना शाळा, अशी ही खिडकी आहे. ईशान्येकडचे लोक ती फारशी वापरत नाहीत, कारण तोवर मुलांच्या वह्या-पुस्तकांची खरेदी निघालेली असते आणि ‘उन्हाळा संपला’ असं घरात सगळ्यांनी मनोमन ठरवलेलं असतं.

ऑगस्टअखेर पार्क ओस पडतो असं मुळीच नाही. निवृत्त मंडळी आणि युरोपातले प्रवासी तेव्हाच येतात, आणि अलीकडे सप्टेंबरही भरलेला असतो. फरक पडतो तो मुलांवाल्या कुटुंबांच्या संख्येत. त्यामुळे आरव्ही तळावर जागा मिळायला लागते आणि वाहनतळ सकाळी जरा उशिरा भरतात. आमच्यासाठी तेवढं पुरेसं होतं.

ऑगस्टचा पहिला पंधरवडा मात्र आम्ही जाणूनबुजून टाळला. वाटेत दक्षिण डकोटातले ब्लॅक हिल्सचे डोंगर होते, आणि तिथल्या स्टर्जिस गावी १९३८ पासून चालत आलेला मोटरसायकलींचा मेळा ऑगस्टच्या सुरुवातीला भरतो. २०२४ मध्ये तो २ ते ११ ऑगस्ट होता. त्या दिवसांत रॅपिड सिटीपासून डेव्हिल्स टॉवर या दगडी स्तंभापर्यंत सगळ्या रस्त्यांवर मोटरसायकली आणि सगळ्या तळांवर तंबू असतात.

दुसरं टोक गणपतीने ठरवलं. २०२४ ची गणेशचतुर्थी ७ सप्टेंबरला होती. बहिणीकडे दीड दिवसाचा गणपती असतो आणि सासूबाई त्या वर्षी तिथे असणार म्हणून नैवेद्यापासून आरासीपर्यंत सगळं साग्रसंगीत करायचं होतं. ‘एक आठवडा तरी हातात हवा,’ एवढंच त्यांनी फोनवर सांगितलं. म्हणून ३१ ऑगस्टला घरी पोचायचं ठरलं. लेबर डेच्या लांब सुट्टीत शुक्रवारी आणि सोमवारी विमानतळांवर रेटारेटी असते, मधला शनिवार त्या मानाने बरा. तो ३१ तारखेला आलाच होता.

मार्ग कापला

न्यू जर्सीपासून यलोस्टोन साधारण २,२०० मैल. आरव्हीत दिवसाला तीनशे-साडेतीनशे मैलांपेक्षा जास्त चालवू नये, निदान वयस्कर माणसं सोबत असताना तरी नाही. म्हणजे जाताना सहा-सात दिवस आणि येताना तेवढेच फक्त रस्ता कापण्यात. इंधनाचा हिशोबही मांडला. अशी गाडी गॅलनला नऊ मैलांच्या आसपास देते. जाऊन-येऊन पाच हजार मैल धरले तर साडेपाचशे गॅलन, आणि तेव्हाच्या साडेतीन डॉलरच्या भावाने दोन हजार डॉलरच्या जवळपास. त्यावर आरव्हीवाले प्रत्येक मैलाचं वेगळं भाडं लावतात ते निराळंच.

त्याऐवजी नेवार्कहून विमानाने डेन्व्हरला यायचं, आरव्ही इथून घ्यायची आणि ब्लॅक हिल्स, डेव्हिल्स टॉवर, कोडी, यलोस्टोन आणि त्याच्या दक्षिणेचं ग्रँड टिटॉन उद्यान करून डेन्व्हरलाच परत द्यायची, असं ठरवलं. हा फेरा सतराशे मैलांच्या आसपास, इंधन सातशे डॉलरच्या आत. सहा तिकिटांनी वाचलेले पैसे खाल्ले, पण आठवड्याहून जास्त दिवस हाती आले. मेहुण्यांना नायगारा सोडायचं जिवावर आलं होतं. न्यू जर्सीहून नायगारा शनिवार-रविवारी साध्या गाडीनेही होतो हे पटल्यावर ते राजी झाले.

बॅडलँड्स हे राष्ट्रीय उद्यानही वगळलं. ब्लॅक हिल्सपासून पूर्वेला जाऊन परत फिरावं लागतं आणि ऑगस्टच्या दुपारी तिथे ऊन भाजून काढतं. वीजजोडणी नसेल तर आरव्हीचा एसी जनरेटरवरच चालतो, आणि रात्री तळावर जनरेटर लावता येत नाही.

डोंगररस्त्यांची छाननी जास्त बारकाईने केली, कारण तिथे साध्या गाडीचा अनुभव कामाला येत नाही. ब्लॅक हिल्समधला नीडल्स हायवे सुंदर आहे, पण त्यातला एक बोगदा इतका अरुंद की आरव्ही शिरत नाही. तो रस्ता आखणीतून काढला. बिगहॉर्न पर्वत ओलांडायला तीन रस्ते आहेत. त्यातल्या १४-ए वर दहा टक्क्यांचा उतार आहे, तो पहिल्यांदा आरव्ही चालवणाऱ्याने घेऊ नये. बफेलो ते टेन स्लीप जाणारा १६ नंबरचा रस्ता साडेनऊ हजार फुटांवरून जातो, पण चढ-उतार सावकाश आहे. तोच घेतला. टिटॉनहून आयडाहोकडे उतरणारा टिटॉन पास हा घाटही दहा टक्के उताराचा. तिकडे जायचंच नव्हतं.

गाडी आणि तिच्यातली माणसं

पंचवीस फुटी क्लास-सी आरव्ही ठरवली, म्हणजे पुढे ट्रकसारखी केबिन आणि केबिनच्या डोक्यावर पलंग असलेली. अमेरिकेत तिला साधा गाडीचा परवाना चालतो. जाहिरातीत ‘सहा जण झोपू शकतात’ असं लिहिलेलं असतं, पण आधी विचारायची गोष्ट वेगळीच: सीटबेल्ट किती? सहा माणसांना सहा बेल्ट हवेत, आणि गाडी चालू असताना कोणीही पलंगावर लोळू शकत नाही. हे मुलांना आधी सांगून ठेवलं, कारण ‘मागे झोपून जायचं’ हीच त्यांच्या डोळ्यांपुढची आरव्ही होती.

झोपायची वाटणी सासूबाईंच्या गुडघ्यांवरून ठरली. मागचा पलंग जमिनीलगत आणि संडासाला लागून, तो आजी-आजोबांना. केबिनवरचा पलंग शिडीने चढायचा, तो मुलांना. बहीण-मेहुणे जेवणाच्या टेबलाचा पलंग करून झोपणार. तो रोज रात्री घालायचा आणि रोज सकाळी मोडायचा. ऐकायला किरकोळ वाटतं, पण सकाळी लवकर निघण्याचं सगळं गणित या टेबलावर येऊन थांबतं. म्हणून पहाटे टेबल मोडून बसायच्या जागा तयार करण्याचं काम भाच्याकडे दिलं. त्याने ते शेवटपर्यंत चोख केलं.

जागा मिळवणं

फिशिंग ब्रिजला २५ ते २७ ऑगस्टच्या तीन रात्री हव्या होत्या. फेब्रुवारीत दोन मिळाल्या. तिसरी एप्रिलमध्ये कोणीतरी रद्द केल्यावर हाती लागली. बहीण रोज सकाळी चहाबरोबर नोंदणीचं संकेतस्थळ उघडून बघायची. रविवार, सोमवार, मंगळवार या रात्री मुद्दाम निवडल्या होत्या, कारण शनिवार-रविवारसाठी आलेले लोक रविवारी दुपारी बाहेर पडतात आणि त्याच वेळी आपण आत शिरतो.

टिटॉनमधला ग्रो व्हाँत्र तळ सरकारी संकेतस्थळावर सहा महिने आधी, तिथल्या वेळेने सकाळी आठला उघडतो. न्यू जर्सीत तेव्हा दहा वाजलेले असतात. २८ ऑगस्टच्या रात्रीसाठी २८ फेब्रुवारीला दहाच्या आधी दोन फोन आणि एक लॅपटॉप घेऊन दोघं बसले आणि वीजजोडणी असलेली जागा मिळाली. अशी नोंदणी वेळेत रद्द केली तर दहा डॉलर कापून बाकीचे परत मिळतात. त्यामुळे शंका असली तरी जागा धरून ठेवावी आणि नको असेल तर लवकर सोडावी. ती दुसऱ्या कोणाच्या तरी पदरात पडते. आम्हाला फिशिंग ब्रिजची तिसरी रात्र तशीच मिळाली होती.

एका बाबतीत मी हट्ट धरला. गाडी पंचवीस फुटी असली तरी प्रत्येक तळावर किमान बत्तीस फुटी गाडी मावेल अशीच जागा घ्यायची. त्याचा उपयोग पुढे झाला.

प्रत्यक्ष प्रवास

१७ ऑगस्टला सगळे डेन्व्हरला आले. दोन दिवस घरी थांबवून घेतलं, कारण डेन्व्हरच पाच हजार फुटांवर आहे आणि पुढे आणखी चढायचं होतं. १९ तारखेला गाडी घ्यायला गेलो तर भाड्याने देणाऱ्यांनी पंचवीस फुटीऐवजी तीस फुटी गाडी पुढे केली. करारात ‘तत्सम गाडी’ असं बारीक अक्षरात होतंच. मेहुण्यांचा चेहरा उतरला. तळांवरच्या जागा बत्तीस फुटांच्या धरल्या होत्या म्हणून निदान मुक्कामाचा प्रश्न आला नाही. ती दुपार मेहुण्यांनी एका मोठ्या रिकाम्या वाहनतळावर वळणं घेण्यात आणि मागे घेण्यात घालवली. आजोबा बाहेर उभे राहून ‘येऊ द्या, येऊ द्या’ करत हात दाखवत होते. सहल संपेपर्यंत गाडी मागे घेताना ती जागा त्यांचीच राहिली, आणि दुसऱ्या कोणी हात दाखवलेला मेहुण्यांना चालेना.

ब्लॅक हिल्सचे दिवस आरामात गेले. डोंगरात राष्ट्राध्यक्षांचे चेहरे कोरलेलं माउंट रशमोर त्यांनी संध्याकाळी पाहिलं, दुपारची वर्दळ ओसरल्यावर. डेव्हिल्स टॉवरला दुपारचा वाहनतळ भरलेला असतो म्हणून पायथ्याच्या तळावर मुक्काम केला आणि सकाळी सातला वर गेले. तो १९०६ मध्ये जाहीर झालेला अमेरिकेतला पहिला राष्ट्रीय स्मारक-परिसर. पायथ्याभोवतीची सव्वा मैलाची वाट मुलांनी आजोबांबरोबर पूर्ण केली. आजी गाडीत बसून खिडकीतून तो दगडी स्तंभ बघत होत्या, समोर चहा होता. हे मला त्यांनी फोनवर आनंदाने सांगितलं आणि मला आखणी बरोबर चालल्याची खात्री तिथे पटली. कोणाला काहीतरी बघता येत नाही म्हणून बाकीचे घाईत परत फिरताहेत, असं होत नव्हतं.

यलोस्टोनमध्ये हीच रीत त्यांनी पूर्ण वापरली. बरेच लोक आरव्हीकडे फिरतं घर म्हणून बघतात आणि मग दिवसभर ते घर एका वाहनतळातून दुसऱ्या वाहनतळात हलवत राहतात. गर्दीत ते अंगाशी येतं. मोठी गाडी हलवायची कमी वेळा, पण हलवायची ती सगळ्यांच्या आधी. एकदा चांगली जागा मिळाली की तिथेच नाश्ता, जेवण आणि दुपारची झोप. साध्या गाडीने आलेल्या माणसाला भुकेने किंवा दमल्याने उठावं लागतं, आरव्हीवाल्याला लागत नाही.

२६ तारखेचा दिवस जवळून सांगतो. फिशिंग ब्रिज ते ओल्ड फेथफुल हा उसळणारा गरम झरा अडतीस मैल, वेस्ट थंबमार्गे. पार्कात वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी ताशी ४५ मैल, त्यामुळे तासाभराहून जास्त लागतो. सूर्योदय साधारण साडेसहाला. सव्वासहाला पाण्याची नळी, विजेची तार, सांडपाण्याचा पाइप काढून गाडी निघाली. मुलं गोधड्या गुंडाळून बेल्ट लावून बसलेली, डोळे मिटलेले. वेस्ट थंबच्या छोट्या वाहनतळात सातला दोनच गाड्या होत्या. तलावाकाठचे उकळते झरे, थंडीमुळे सगळीकडे वाफ. आजी फळ्यांच्या वाटेवर थोडं चालल्या, कारण तिथे चढ नाही. ओल्ड फेथफुलला आठच्या सुमारास पोचले, बसची आणि आरव्हीची जागा हवी तशी मिळाली.

मग पोहे झाले. फोडणीच्या धुराने गाडीतला अलार्म वाजतो हे त्यांना ब्लॅक हिल्समध्येच कळलं होतं, तेव्हा छताचा पंखा आधी लावून, खिडकी उघडून, तेल मंद आचेवर. ओल्ड फेथफुल सरासरी दीड तासाने उसळतो आणि पुढची वेळ दहा मिनिटं इकडे-तिकडे धरून फलकावर लिहिलेली असते. दोन उसळण्यांच्या मध्ये बहीण आणि मुलं वरच्या खोऱ्यातल्या बाकीच्या गरम झऱ्यांकडे फिरून आली. साडेदहाला त्या प्रचंड वाहनतळात गाड्या घिरट्या घालत होत्या. यांची गाडी जागेवर होती आणि कुकर लावलेला होता.

कुकरबद्दल थोडं. फिशिंग ब्रिज जवळजवळ ७,८०० फुटांवर आहे आणि तिथे पाणी साधारण ९२ अंशांनाच उकळतं. उघड्या भांड्यात तूरडाळ शिजता शिजत नाही. कुकर हवाच, आणि घरच्यापेक्षा एक-दोन शिट्ट्या जास्त. भांडी कमीत कमी पाण्यात धुवायची, कारण धुण्याचं पाणी गाडीखालच्या टाकीत साठतं आणि तळावरच्या नळाखाली खरकटी भांडी धुवायला बंदी आहे. फिशिंग ब्रिजच्या परिसरात अस्वलांचा वावर आहे, म्हणूनच तिथे तंबूला परवानगी नाही, फक्त पक्क्या भिंतींच्या गाड्या. बाहेरच्या टेबलावर लोणच्याची बरणीसुद्धा विसरायची नाही. आजींनी हा नियम इतका मनावर घेतला की रात्री झोपण्याआधी त्या स्वतः बॅटरी घेऊन एक फेरी मारायच्या.

ग्रँड प्रिझमॅटिक झऱ्याची वेळ मी वेगळी सुचवली होती. सगळीकडे ‘पहाटे जा’ म्हणतात, पण इथे थंड सकाळी इतकी वाफ असते की ते केशरी-निळे रंग दिसतच नाहीत. हवा तापल्यावर, दुपारनंतर ते उघडे पडतात. दुपारी तिथला वाहनतळ म्हणजे पार्कातली सगळ्यात अडलेली जागा. म्हणून पाचनंतर. मंडळी जेवून, झोपून साडेचारला ओल्ड फेथफुलहून निघाली. तिथेही थोडं थांबावं लागलं, पण लांब गाडीची जागा मिळाली आणि रंग पुरेपूर दिसले.

जे बिनसलं

त्या संध्याकाळचा परतीचा रस्ता जड गेला. सूर्यास्त आठला, आणि फिशिंग ब्रिज चव्वेचाळीस मैलांवर. वाटेत रस्त्यावर गवे, म्हणजे बायसन, उभे. गवा हलेपर्यंत वाहनं हलत नाहीत, आणि त्याच्यापासून २५ यार्ड लांब राहायचा नियम आहे. अंधारात तीस फुटी गाडी, दमलेली माणसं, आणि फोनला रेंज नाही. नऊच्या पुढे तळावर पोचून मग जोडण्या लावाव्या लागल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून बेत आवरता घेतला: सकाळी हेडन व्हॅलीतून कॅन्यनला, तिथे दक्षिण काठावरून धबधबा, जेवण, आणि चारच्या आत सोळा मैल परत. संध्याकाळी मुलं तलावाकाठी, बहीण कपडे धुवायला. गर्दी टाळायला सकाळ गाठायची असेल तर संध्याकाळ सोडावी लागते, दोन्ही टोकं एकाच दिवशी धरता येत नाहीत. आखणीत हा हातचा मी कमी ठेवला होता.

२३ जुलैला बिस्किट बेसिनमध्ये जमिनीखालच्या उकळत्या पाण्याचा स्फोट झाला आणि तो भाग उरलेल्या हंगामासाठी बंद झाला. आमच्या यादीत तो होता. तिथे जाणारे लोक शेजारच्या ठिकाणांकडे वळणार हे उघड होतं, म्हणून ती जागा भरून न काढता तो वेळ मोकळा ठेवला.

मोठा बदल परतीच्या वाटेवर झाला. टिटॉनहून टॉग्वटी पास हा घाट ओलांडून ड्युबॉइस, लँडरमार्गे यायचं ठरलं होतं. १६ ऑगस्टला त्या पासजवळ विजेने फिश क्रीकचा वणवा पेटला. त्या महिन्यात वायोमिंगमध्ये बरेच वणवे होते, टिटॉनच्या खोऱ्यातही धूर उतरला होता, आणि डोंगर फिकट कागदासारखे दिसत होते असं भाची म्हणाली. त्या रस्त्याचा भरवसा उरला नव्हता. दुसरी वाट कागदावर आधीच होती: जॅक्सनहून दक्षिणेला पाइनडेल, रॉक स्प्रिंग्ज आणि मग आय-८० महामार्ग. रूक्ष रस्ता आहे आणि रॉलिन्स ते लॅरमी वारा असा की उंच गाडी बाजूला ढकलली जाते. म्हणून तो टप्पा ३० तारखेला पहाटे, वारा चढण्याआधी पार केला आणि दुपारी गाडी डेन्व्हरला परत दिली. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात पश्चिमेकडे जायचं तर धूर आणि बंद रस्ते गृहीतच धरावे लागतात. ऑगस्टअखेरच्या मोकळिकीची ती किंमत आहे, आणि दमा असलेलं माणूस सोबत असतं तर मी ही तारीख सुचवली नसती. तेव्हा जूनचे पहिले दहा दिवस बघितले असते, शाळा बुडवून का होईना.

ज्यांना जुलैच गाठायचा आहे

टेक्सास किंवा जॉर्जियातल्या मराठी कुटुंबांना ही खिडकी मिळत नाही, त्यांच्या शाळा तोवर सुरू झालेल्या असतात. त्यांच्यासाठी जूनचा पहिला पंधरवडा पाहावा. उंच घाटांत बर्फ असू शकतं, पण यलोस्टोनचे मुख्य रस्ते सहसा उघडलेले असतात आणि ईशान्येकडच्या शाळा अजून चालू असतात. जुलैशिवाय इलाज नसेल तर ४ तारखेचा आठवडा सोडून, मुक्काम पार्काच्या आतच हवा, रविवार ते बुधवार, आणि तो नाही मिळाला तर यलोस्टोनच बदलावं. बिगहॉर्नमध्ये किंवा वायोमिंगच्या विंड रिव्हर भागात वनखात्याचे तळ आहेत, तिथे झरे-धबधबे आहेत, गवे नसतील पण मूस हे मोठं हरीण दिसतं, आणि मुलांना नदीत पाय घालून बसायला कोणी हटकत नाही.

आई-वडिलांना भारतातून बोलावणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट आता हिशोबात धरायला हवी. बहिणीने २०२४ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा ८० डॉलरचा वार्षिक पास काढला आणि त्यावर सगळे आत गेले. २०२६ पासून अमेरिकेबाहेरच्या रहिवाशांसाठी पासचे आणि यलोस्टोन, ग्रँड टिटॉनसारख्या पार्कांच्या प्रवेशाचे वेगळे, चढे दर लागू झाले आहेत. पास कोणाच्या नावावर काढायचा आणि फाटकावर कोणती ओळखपत्रं दाखवायची, हे तिकिटं काढायच्या आधी पाहून ठेवावं.